नालेसाठी दोन भोकं

नवी गाडी आली आणि तिला नाल ठोकली नाही, असं भाऊरावांच्या हयातीत कधी झालं नव्हतं. मुलानं, दिवाकरनं, बजावलं होतं, माझ्या गाडीला हात लावू नका. पण पोरगा असल्या गोष्टींना हसतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पहाटेच, चाळीस वर्षं फिटरकी केलेल्या हातानं, त्यांनी सीटखाली तळाला ड्रिलनं दोन भोकं पाडली आणि काळ्या घोड्याची नाल बोल्टांनी आवळली. साडेसातला सून शकु ती विजेवरची तीनचाकी घेऊन पनागरला भाजी आणायला निघाली.

आठला चहा पिताना दिवाकर शेजारच्या रत्नाकरला कौतुकानं सांगत होता, "हिच्यात बॅटरीचा डबाच नाही. तळ हीच बॅटरी. कार्बनच्या धाग्यांचे थर, मधे पातळ पडदा. वजनही तोच पेलते, वीजही तोच साठवते."

"अन् भोक पडलं तर?"

"थर एकमेकांना टेकतात. आधी तापते, मंग पेटते. माल लादला तर अजून लवकर."

शेजारीच चहा पीत बसलेल्या भाऊरावांनी कप खाली ठेवला. सांगावं तर रत्नाकरसमोर पोरगा काय म्हणेल? माणसाची जात बघा, सुनेच्या जिवावर बेतलेलं आणि म्हाताऱ्याला इज्जतीची पडलेली. दोन बोल्टांनी काय होतंय, असं ते मनाला समजावत राहिले. बऱ्याच वेळानं रत्नाकर उठून गेला तसे ते अंगणात आले आणि त्यांनी शकुला फोन लावला.

"कुठं आहेस बाई?"

"निघाली मामाजी. गोभीची पोती भरली, जरा थांबून फोन घेऊन राहिली. गाडी मस्त आहे तुमच्या पोराची. थंडीत खालून पायाला गरम लागून राहिलं."

"उतर. पहिले उतर, अन् दूर जा गाडीपासून."

त्यांचा आवाज ऐकून दिवाकर धावत बाहेर आला.

"भोकं मी पाडली," भाऊराव म्हणाले. "नालेसाठी."

दिवाकरनं फोन हिसकावला. शकु धापा टाकत बोलत होती. ती रस्त्यापलीकडे वावरात उभी होती. सीटखालून धूर निघत होता, आणि बोलता बोलताच सीटनं पेट घेतला.

ती सुखरूप आहे ना, हे तीनदा विचारून झाल्यावर दिवाकर पायरीवर बसला.

"तळ म्हणजे बॅटरी, हे तुम्हाला केव्हा कळलं बाबा?"

"मघाशी. चहा घेताना."

दिवाकरनं फोनमधली वेळ पाहिली.

"पाऊण तास झाला," तो म्हणाला.