गिरणीतली कापशी

उषाबाईंनी गिरणीच्या उंबऱ्यातल्या फळीवर टाच दोनदा आपटली, तसा हादरा आतपर्यंत गेला. पिठाच्या डब्याशेजारी झोपलेल्या कापशीने डोकं वर केलं. चक्कीशी पाठमोरे उभे असलेले त्यांचे यजमान रामकिसनही वळले.

"मांजराला बोलावून राह्यले होते," उषाबाई हाताने घासाची खूण करत म्हणाल्या. "आता वळलाच आहात, तर तुम्हीबी जेवायला चला."

रामकिसन हसले, पिठाने माखलेले हात झटकले आणि मांजराच्या मागोमाग घरात गेले.

कापशी जन्मापासून ठार बहिरी. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. गिरणीत बसली की तिच्यात आणि पिठात फरक कळायचा नाही. दळायला आलेल्या रखमाजींनी तर एकदा दळणाची पिशवी थेट तिच्या अंगावर टेकवली होती, आणि वर तिच्याच नावाने बोटं मोडली होती.

"गिरणीत मांजर बहिरं म्हंजे उंदरांची दिवाळीच की हो उषाबाई," ते म्हणाले होते.

"उंदीर तरी कुठं भजन करत येतात, रखमाजी?"

मागल्या पोळ्याला रामकिसन तिला शेजारच्या गल्लीतल्या शकीलाकडून सदऱ्यात घालून घेऊन आले. मांजर बहिरं निघाल्यावर उषाबाईंनी आधी कपाळावर हात मारला. एवढ्या वाटूर गावात यांना नेमकं हेच पिल्लू सापडावं! पण त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना एक युक्ती सुचली.

कारण खरं दुखणं मांजराचं नव्हतंच. वीस वर्षं चक्कीच्या घरघरीत उभं राहून रामकिसनचे कान बसत चालले होते. हाक ऐकू येईना, मागून आलेलं माणूस कळेना. "एकदा जालन्याला कान दाखवून या," असं उषाबाईंनी एकदा म्हटलं, तर त्यांनी ताटच सरकवलं. "माझे कान शाबूत हायेत. तूच पुटपुटती." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. पण उषाबाईंच्या जिवाला घोर लागून राहिला. चक्कीचा पट्टा उघडा फिरत असायचा. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही, काहीही त्यात गेलं आणि आपण बोंबलत राहिलो, तर यांना ऐकू तरी जाईल का?

म्हणून मग लेकी बोले सुने लागे. फक्त इथे लेकीच्या जागी मांजर होतं.

"पट्ट्याला जाळी लावा. मुक्या जीवाला कळत न्हाई, एखांद्या दिवशी शेपूट जायाची."

रामकिसननी जाळी बसवली.

"घरातून बटण दाबलं की गिरणीत लाल दिवा लागल, असं करा. कापशीला हाक ऐकू येत न्हाई, दिवा तर दिसल."

त्यांनी तारा ओढून दिवाही लावला. स्वतःसाठी ज्या माणसाने साधा चष्मा घ्यायला दोन वर्षं लावली, त्याने मांजरासाठी हू की चू केलं नाही. उषाबाई मनातल्या मनात आपल्याच पाठीवर थाप मारून घ्यायच्या. नवऱ्याला कळू न देता नवऱ्याची राखण करणं, हे काही सोपं काम नव्हे.

त्या दिवशी दुपारी शकीला ज्वारीचं दळण घेऊन आली. चक्की सुरू होती, म्हणून दोघी बाहेर ओट्यावर बसल्या. कापशी शकीलाच्या मांडीत शिरली.

"लई गुबगुबीत झाली की, भाभी. मला तर वाटलं व्हतं, तुमी परत आनून द्याल."

"परत कशाला? यांनी न बघता आनली, पण निघाली गुणाची."

"न बघता?" शकीला हसली. "चार पिल्लं व्हती. मी बोल्ले, भाईजान, ही बिलकुल बहिरी हाय, दुसरं घ्या. तर बोल्ले, न्हाई, हीच पायजे."

"हीच?"

"हां. बोल्ले, आमच्या उषाला बहिऱ्यासंगं वागायची जराशी सवय लागल. पुढं उपयोगी पडल."

उषाबाईंनी वळून गिरणीच्या दाराकडे पाहिलं. आधी त्यांना राग आला, चांगला सणसणीत. वर्षभर आपण ज्याला गुपचूप सांभाळत होतो, तो आपल्यालाच शिकवत बसला होता! मग राग कुठल्या कुठे गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. शकीलाला दिसू नये म्हणून त्यांनी पदराने तोंडावरचं पीठ पुसल्यासारखं केलं.

चक्की थांबली. शकीला डबा उचलून गेली. उषाबाई आत गेल्या. फळीवरून गेल्या, पण टाच आपटली नाही. सरळ चालत रामकिसनच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मान वर केली.

"काय म्हनत होती शकीला?"

उषाबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघून, ओठ नीट हलवत, सावकाश सांगितलं, "म्हनत होती, मांजर चांगलं निघालं."

रामकिसन त्यांच्या ओठांकडे बघत होते. सगळं कळल्यावर मिशीतल्या मिशीत हसले.

"निघंल न्हाई तर काय! निवडून आणलंय."