तू बसा

"आजी, तुम्ही चहा घेणार आहात का?" विराजनं विचारलं, आणि आत्याबाईंनी मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं. नुसती भिंत होती. नातू आपल्यालाच विचारतोय हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्या हसल्या, "मला म्हणतोस व्हय? घीन की," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बनाबाई. काटेवाडीत त्यांना मागं वळून बघायला लावणारा माणूस अजून जन्मायचा होता. तो कॅनडात जन्मला.

माझी धाकटी जाऊ उत्कर्षा कौतुकानं फुलून गेली. दर रविवारी ती पोराला गाडीत घालून कुठल्याशा लांबच्या गावात मराठी शाळेला नेते म्हणे. बर्फ असो, काही असो. तिथं मोठ्यांशी आदरानं बोलायला शिकवतात. आठ वर्षांचं पोर 'आहात' म्हणतं, हे तिनं आम्हाला अशा थाटात सांगितलं, जसं काही पोरानं एकट्यानं विहीर खणली. मी चहा गाळत मनात म्हटलं, बाई गं, एवढ्या थंडीत एवढ्या लांब नेऊन शिकवलंस, आणि तेही चुकीचंच.

आमच्याकडं आजीला कुणी तुम्ही म्हणत नाही. देवाला तू, आईला तू, आजीला तू. तुम्ही म्हणायचं ते सासऱ्याला, जावयाला आणि वसुलीला आलेल्या साहेबाला. माझी लेक सई तर "ए आज्जे, सरक की तिकडं" म्हणून आत्याबाईंना ढकलून त्यांच्या गोधडीत शिरते. तिला कुठल्या शाळेनं काही शिकवलं नाही. सुनांचं मात्र वेगळं. सुनेनं सासूला तुम्हीच म्हणायचं. मी लासुर्ण्याहून या घरात आले त्या दिवसापासून 'तुमी' म्हणत आले, आणि उत्कर्षा 'अहो आई' म्हणते. तिचं ते 'अहो आई' ऐकलं की मला दुकानदारानं गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखं वाटतं.

ही मंडळी महिन्याभराच्या सुट्टीवर आली होती ती काही आंबे खायला नव्हे. आत्याबाईंना न्यायला आली होती. उत्कर्षाची बाळंतपणाची रजा संपत आलेली, धाकटी श्रिया वर्षाची, आणि तिकडं पोर सांभाळायला माणूस ठेवणं परवडत नाही. तेव्हा राजवर्धन भाऊजींना आई आठवली. तिकडं आजी-आजोबांसाठी म्हणून खास व्हिसा असतो, त्यावर चांगली पाच वर्षं राहता येतं. तपासण्या झाल्या, कागद झाले, व्हिसाही आला. आत्याबाईंनी फोनवर "यीन की" म्हटलं आणि विषय संपला. मला कुणी विचारलं नाही. सहा गाई, दोन वेळचं दूध, ऊस, घर, सगळं त्यांच्या-माझ्या चार हातांवर चाललेलं. त्यातले दोन हात उचलून विमानात घालायचे, तर उरलेल्या दोन हातांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ते बोलून दाखवायला माझी जीभ काही उचलत नव्हती.

मग मी नावं ठेवायला लागले. त्यात मी तरबेज आहे.

नावं ठेवायला जागाही भरपूर होती. वर्षाचं लेकरू वेगळ्या खोलीत निजवायचं आणि आईबापानं दुसऱ्या खोलीत मोबाइलवर ते रडताना बघत बसायचं. उचलायचं नाही. का, तर त्याला आपलं आपण गप्प व्हायची सवय लागते. उत्कर्षा म्हणाली, "ताई, तिकडे मुलांना लहानपणापासून स्वावलंबी करतात." आमच्याकडं भिंतीपलीकडं लेकरू रडलं तर शेजारची म्हाळसाकाकू हातातली भाकरी तव्यावर टाकून येते आणि आधी आईला शिव्या घालते. तिकडं शेजाऱ्याकडं जायचं तर आधी फोन करून विचारायचं. विराजला मित्राकडं खेळायला जायचं असलं तर दोन्हीकडच्या आया आठवडाभर आधी वार ठरवतात. पोरगं आमच्या अंगणात उभं राहून आईला विचारायचं, रस्त्यावर गेलो तर चालेल का. ज्या रस्त्यावर कुत्री, कोंबड्या आणि गेणबाचं रेडकू विनापरवाना फिरतं, त्या रस्त्यावर.

आता खरं सांगायचं तर आमच्याकडंही काही सोनं लागलेलं नाही. भाऊजी पोरीचं लंगोट बदलतात, तिला भरवतात, विराजचा कुठला दात कधी पडला हे सांगतात. या घरात असताना जेवल्या ताटावरनं तसाच उठणारा हा माणूस. आणि आमचे संभाजीराव? सई नववीत गेलेली त्यांना ती दहावीत गेल्यावर कळली. पोर आपोआप वाढते, उसाला तरी पाणी द्यावं लागतं, असा त्यांचा समज. सई वाढली ती आत्याबाईंच्या मांडीवर, कारण मी गोठ्यात आणि हे पारावर. त्यामुळं घरचं वळण, आपली संस्कृती वगैरे हे दूध डेअरीपुढं उभं राहून बोलायला लागले की मला हसू येतं. सध्या तर त्यांची छाती दोन बोटं वर होती. जो भेटेल त्याला, आई कॅनडाला चालली. जसं काही हेच विमान चालवणार होते.

आत्याबाई मात्र चहाच्या त्या सकाळपासून विराजच्या मागं लागल्या होत्या.

आधी त्यांनी त्याला साधं सांगितलं की मला तू म्हण. पोरगं घाबरलं. मोठ्यांना तू म्हटलं की बाई रागावतात, म्हणाला. उत्कर्षानंही समजावलं, अहो आई, मोठ्या कष्टानं वळण लावलंय, आता मोडू नका. त्यावर आत्याबाई तिला म्हणाल्या, "वळण झ्याक हाय गं. पर मला कुठल्या कुठं निऊन बसीवलंस." उत्कर्षाला ते कळलं नाही. तिला वाटलं, म्हातारीला मान सोसत नाही.

मग आत्याबाईंनी पोराला फितवलं. त्याला गोठ्यात न्यायच्या, वासराच्या तोंडात बोट द्यायला लावायच्या, उसाचं कांडं सोलून द्यायच्या, आणि मध्येच विचारायच्या, मी कोण? तो म्हणायचा, आजी. मग आजीला काय म्हणायचं? पोरगं इकडंतिकडं बघायचं आणि हळूच म्हणायचं, तू. चारेक दिवस ही शिकवणी चालली. सई त्यात मास्तरीण. आणि एके दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो, आत्याबाई वाढायला उभ्या होत्या, तेव्हा विराजनं पाटावर हात आपटून मोठ्यानं सांगितलं, "आजी, तू बसा."

सगळे हसले. भाऊजींना तर ठसकाच लागला. संभाजीराव म्हणाले, ह्ये बेणं इंग्रजाचं न्हाय आन् आपलंबी न्हाय. पोरगं रडवेलं झालं. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या ताट घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. निम्मं तर आलंय."

त्या दिवशी संध्याकाळी धारा काढताना मी तोंड उघडलं. किती दिवस गिळायचं? इकडं मी एका गाईखाली, तिकडं त्या दुसऱ्या गाईखाली. मी म्हणाले, "आत्याबाई, तितं कामवाली म्हाग हाय, म्हून भावजींना आई आठावली. येवढं तरी कळतंय का तुमाला?"

त्यांचा हात थांबला नाही. "न कळायला काय झालं? मी काय विराज हाय?"

"मंग कशापायी चाललाय? थंडीत मराया?"

त्यांनी बादली जरा पुढं सरकवली आणि गाईशी बोलावं तसं बोलल्या. थोरला निम्म्यावर अडकला, म्हणाल्या. त्याचं आता असंच. तू म्हणंल, बसा म्हणंल. हसतील लोक, की त्यो गप बसंल. "पर धाकटी अजून बोलाय लागली न्हाय. तिच्या तोंडात त्ये आहात-बिहात पडायच्या आत मला तितं गेलं पायजे. न्हायतर मी आपली भिंतीवरची फोटूतली आजी. फुलं वाहायची आन् तुमी म्हणायचं."

इतके दिवस मी त्यांना भोळी समजत होते. लेकानं फुकटची दाई म्हणून नेली आणि ही हुरळून चालली, असं मी म्हाळसाकाकूजवळ बोललेही होते. म्हातारी सगळं ओळखून, धुणीभांडी आणि बर्फ सगळं धरून, फक्त एका शब्दासाठी निघाली होती.

तरी मी हेका सोडला नाही. म्हणाले, "आन् आमची सई? ती म्हणती की तू."

"ती म्हणतीच की. ती कुठं चाललीया?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. जे लेकरू रोज गोधडीत शिरतं त्याची काळजी नाही. जे सातासमुद्रापार चाललंय त्याच्या अर्ध्या शब्दासाठी जीव टाकायचा. मला संताप आला. आईचं काळीज म्हणून लोक गोडवे गातात. मला विचाराल तर त्या काळजाला हिशोब कळत नाही. जवळ राहिलेल्याला तिथं काही मिळत नाही. मी बादली उचलली तशी मागून त्यांचा आवाज आला. आवाजात चेष्टा होती, पण निव्वळ चेष्टा नव्हती.

"आन् तू तरी काय गं सुपे, इतक्या वरसात मला कदी तू म्हणलीस?"

"सुनंनं तुमीच म्हणायचं आसतंय."

"आसतं बाई," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गाईकडं वळल्या.

त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. बोलायला वेळही नव्हता. गाव लोटलं होतं. ज्यांनी सहा-सहा महिने उंबरा ओलांडला नव्हता ते येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि कॅनडात देऊळ आहे का, भाकरी मिळते का, असलं विचारायचे. गेणबा म्हणाला, आता बनाबाई इंग्लिशमधनं शिव्या देणार. उत्कर्षानं बारामतीहून पांढरे बूट आणि गुडघ्यापर्यंतचा कोट आणला. नऊवारीवर तो चढवून आत्याबाईंना अंगणात चालायला लावलं. त्या चालल्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला त्या हसणाऱ्या बायकांचाही राग आला आणि बूट आणणारीचाही, आणि गुमान चालणाऱ्या आत्याबाईंचा सगळ्यात जास्त.

निघायच्या दिवशी दुपारीच मुंबईची गाडी आली. भाऊजी बॅगा लावत होते आणि आमचे संभाजीराव त्यांना बॅगा कशा लावायच्या ते सांगत होते, स्वतः एकही न उचलता. सई आजीच्या गळ्यात पडून रडली. "आज्जे, तू लवकर ये, न्हायतर मी तुज्याशी बोलणार न्हाय," म्हणाली. तिला किती सोपं होतं. उत्कर्षा मला म्हणाली, ताई, आईंची काळजी करू नका, आम्ही त्यांना अगदी व्यवस्थित ठेवू. जसं काही लोणच्याची बरणी चालली होती.

मी आत्याबाईंच्या हातावर दही घातलं. त्यांनी ते खाल्लं, हात कोटाला पुसायला गेल्या आणि थांबल्या. मग मीच माझा पदर पुढं केला. हात पुसताना मला तो हात सोडवेना. रोज बघत होते, कधी धरला नव्हता. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. जपून जा, औषधं घ्या, असलं सगळे बोलतच होते. मी म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं. संभाजीराव माझ्याकडं बघायला लागले. पारोशी बाई देवळात शिरल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मी घाईनं म्हणाले, "करा. फोन करा म्हणलं."

आत्याबाईंचा हात अजून माझ्या पदरात होता.

"लई उशीर केलास गं," त्या म्हणाल्या.

मग त्या गाडीत बसल्या. बुटांतले पाय आत घेताना त्यांना जड गेलं, ते भाऊजींनी उचलून आत ठेवले. विराजनं त्यांच्या पोटावरचा पट्टा लावून दिला. गाडी म्हाळसाकाकूच्या घरावरून वळून मोठ्या रस्त्याला लागली. संभाजीराव मोकळ्या रस्त्याला हात हलवत उभे होते आणि डोळे पुसत होते. मी त्यांना म्हणाले, रडायला काय झालंय, गाईंना वैरण टाका जावा. ते गेले. आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर गेले.

मी तिथंच उभी राहिले.