ओली खुर्ची आणि माझी तोकडी शेपूट

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढ्या शेपटीची, आता वय झालेली मांजर आहे मी. आमच्या जातीत शेपूट अशीच असते आणि तिच्यापायीच मला हौसेने या घरात आणले. मी सशासारख्या टुणटुण उड्या मारत चालायचे, पाहुणे कौतुक करायचे. ती चाल म्हणजे दुखण्याची खूण आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

घरात आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून. खिडकीपाशी आजोबांची गादीची खुर्ची होती. ते उठले की त्यांच्या उबेत मी झोपायचे. एके दिवशी सुनेच्या हाताला गादी ओली लागली. मग ती वरचेवर ओली होऊ लागली. आजोबांकडे बघण्याची सुनेची नजर बदलली. मुलाने मुकाट्याने गादीवर प्लास्टिक घातले. आजोबा काय ते समजले. ते पाणी कमी पिऊ लागले, उठता-बसता स्वतःचे कपडे चाचपू लागले. त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. खरे सांगते, मलाही त्यांचाच संशय होता. मला काही जाणवतच नव्हते ना!

शेवटी आजोबा लेकीकडे राहायला निघून गेले. आणि खुर्ची पुन्हा ओली झाली.

सून गादीपाशी वाकली. मग तिने मला उचलले. माझे मागचे पाय भिजलेले होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझी पाठ चाचपली, एक्स-रे काढला. "ही मुद्दाम करत नाही," ते म्हणाले. "शेपटीजवळचे मणके जन्मापासून नीट तयार झालेले नाहीत, तिथल्या नसा कमजोर आहेत. लघवी झालेली हिला कळतच नाही." हे पूर्ण बरे होणारे नव्हते. पोट हलके दाबून लघवी कशी करवायची, ते त्यांनी सुनेला शिकवले. शौचाला खडा होऊ देऊ नका, वजन वाढू देऊ नका, असेही बजावले.

बाहेर येताच तिने फोन लावला. "बाबा, ती मांजर होती," एवढेच ती बोलली.

पलीकडून आजोबांनी विचारले, "तिला फार दुखतंय का गं?"

मित्रांनो, तोकड्या शेपटीचे मांजर पाळाल तर त्याच्या चालीकडे, बसल्या जागेकडे लक्ष ठेवा. रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मी तर मुकी होते. आजोबांना बोलता येत होते. पण त्यांना कोणी विचारलेच नाही.