जाळ्याच्या दोरीनं मोजलेली शाळा

मी नववीत आहे आणि आठवीत असताना तालुक्यात वक्तृत्वात पहिली आले. आपण बोललो की लोक ऐकतातच, असं तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं. म्हणून आमच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, चौथीपर्यंतची शाळा पट कमी म्हणून बंद होणार, पोरं तलावापल्याडच्या गावच्या शाळेत जाणार, हे कळल्यावर मी घाबरले नाही. उलट मला जोरच आला. माझी बहीण मोनाली तिथं पहिलीत होती.

मी आईला सांगितलं की दोन्ही शाळांची तुलना करून ग्रामसभेत मांडते. आई म्हणाली, आधी भांडे घास.

एप्रिलभर मी दोन्हीकडे फिरले. पल्याड चार शिक्षक, टीव्ही, रंगवलेली भिंत. आमच्याकडे सुरेंद्र सर एकटे, अकरा पोरं आणि कोरडा नळ. पण मी पोरांना पुस्तक वाचायला लावलं, तिथं आम्ही जिंकलो! पल्याडची तिसरीतली पोरं अडखळत होती आणि आमची मोनाली अख्खं पान एका दमात वाचायची, जोडाक्षरांसकट.

मोठ्या कागदावर तक्ता केला. शेवटी एक रकाना उरला, तो रिकामा बरा दिसेना. त्यात अंतर लिहायचं ठरवलं. बाबांच्या जाळ्याची वीस मीटरची दोरी घेतली आणि मी अन् मोनालीनं तलावातून मोजत नेली. उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्याकडे सगळे तिथूनच जातात, वरातसुद्धा. पंचेचाळीस दोऱ्या भरल्या. नऊशे मीटर. मी लाल पेनानं लिहिलं.

एक मेच्या ग्रामसभेत मी न थांबता बोलले. केंद्रप्रमुख साहेबांनी तक्ता हातात घेतला. वाचणाऱ्या पोरांच्या रकान्यावर त्यांची नजर थांबलीच नाही.

"नऊशे मीटर कोणी मोजलं?"

"मीच, सर. दोरीनं."

"शाब्बास. म्हणजे नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या आत आहे. मग अडचण कोणती राहिली?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मला कळलंच नव्हतं.

बाबांना कळलं. ते मागून उठले. "साहेब, ते सुक्या तलावातून मोजलं. पाणी भरलं का पाळीच्या बांधावरून फिरून चार किलोमीटर पडते. लेकरं कशी जातीन?"

"केवळरामभाऊ, तुमचीच पोरगी सांगून राह्यली ना."

साहेबांनी तक्ता गुंडाळून फायलीत घातला. सुरेंद्र सर माझ्याकडे न बघता खुर्च्या उचलायला लागले. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं आणि त्यांची बदली झाली.

जुलैत तलाव भरला. आठ दिवस बाबांनी मोनालीला मासेमारीच्या डोंग्यातून पल्याड सोडलं. एकदा डोंगा कलला आणि आईनं तिचं दप्तर खुंटीला टांगलं. बाकीची पोरं त्याआधीच घरी बसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन शाळेपाशी गेले. दारावर कुलपाच्या वर नोटिशीचा कागद चिकटवलेला. मोनालीनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. 'शाळा' झालं. 'समायोजित' पण कसंबसं झालं. पुढच्या 'पर्यायी व्यवस्था'वर ती अडली, पुन्हा मागं गेली, पुन्हा अडली.

"ताई, मले नाई येत," म्हणाली आणि बोट काढून फ्रॉकला पुसलं.