लाकडी बटणाचा स्वेटर

जरा माझ्यासोबत कल्पना करून पाहा. मे महिना आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात सकाळी सहालाच अंगणातली फरशी कोमट झाली आहे. घरोघरी कूलरमध्ये बादल्या रिकाम्या होत आहेत. आणि तुम्ही, हो तुम्हीच, जाड लोकरीचा लाल स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून बसस्टँडकडे निघाला आहात. घाम आला? मानेला टोचतंय? मग नऊ वर्षांची देवश्री तुम्हाला थोडीशी कळली.

"काहून घातला ओ तिनं तो?" शेजारच्या पद्मिनीकाकूंनी फाटकातून विचारलं.

"तिलेच विचारा," देवश्रीचे आबा, म्हणजे आजोबा श्यामराव, पिशवी खांद्यावर घेत म्हणाले. "मी विचारून विचारून थकलो."

देवश्री फाटकाबाहेर पडली. कारण होतं तिच्याजवळ, पण ते फाटकात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

तर झालं होतं असं. थंडीत शहरात स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. त्यांतली काही माणसं मैनपाटहून येतात. मैनपाट म्हणजे डोंगरावरचं एक मोठं पठार; तिथे तिबेटी लोकांच्या वस्त्या आहेत, त्यांना कॅम्प म्हणतात. तिथल्याच यांगचेनदीदीच्या दुकानात हा लाल स्वेटर टांगलेला होता. शेवटचा नग, वरून तिसरं बटण गळालेलं, म्हणून स्वस्त. आईने तो घेतला खरा, पण त्या रिकाम्या जागेकडे पाहून देवश्रीचं तोंड उतरलं. दीदीने ते पाहिलं. तिने स्वतःच्या अंगातल्या तपकिरी कोटाचं एक बटण तोडलं आणि उभ्या उभ्या स्वेटरला शिवून दिलं. लाकडाचं बटण, त्यावर चाकूने कोरलेलं लहानसं फूल.

"गर्मी में मैनपाट आना," ती म्हणाली होती. "तीन नंबर कैंप, हरा दरवाज़ा. मेरा घर है, होटल में मत रुकना."

देवश्रीने ते शब्द जपून ठेवले. उन्हाळ्याची सुट्टी लागली. बाबांची कारखान्यात शिफ्ट, आईला रजा नाही, आणि डोंगरावरच्या हॉटेलांचे भाव ऐकून आईने फोनच उलटा ठेवला. तेव्हा देवश्री म्हणाली, "दीदीचं घर आहे ना."

आबा हसले. पंडरीच्या कापडबाजारात चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांसमोर थानं, म्हणजे कापडाचे तागे, उलगडली होती.

"अगं पोट्टी, धंद्यात असं बोलावं लागते. मी किती जणांले म्हटलं असंन, या एकदा घरी जेवायले. एक जण आला नाही."

"आला असता तर?"

आबांनी चष्मा काढून पुसला. "तर मीच घाबरलो असतो."

पण नात ऐकेना. शेवटी सौदा ठरला. बस साधी, डबा घरचा. हिरवं दार उघडून कोणी आत घेतलं तर दोन दिवस राहायचं. नाही घेतलं तर ज्या जीपने डोंगर चढायचा त्याच जीपने खाली यायचं आणि पुन्हा मैनपाटचं नाव काढायचं नाही.

"आणि ओळखंन कशी ते तुले? हजार गिऱ्हाइकं पाहते ते."

हा प्रश्न मात्र देवश्रीला टोचला. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून स्वेटर काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तो हातात धरून नेता आला असता, हे खरं. पण अंगात असला म्हणजे दीदीची पहिली नजर बटणावर पडेल, असं तिला वाटलं.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "क्यों बेटी, बर्फ गिरने वाला है क्या?"

"हव," देवश्री म्हणाली. आजूबाजूचे हसले. आबा खिडकीबाहेर पाहू लागले, जणू ही मुलगी दुसऱ्याच कोणाची तरी आहे.

बिलासपूर गेलं. पोळी आणि कोरडा झुणका खाऊन झाला. कटघोऱ्यानंतर सालवृक्ष सुरू झाले, एकामागे एक, उंच, सरळ. खिडकीतून ऊन-सावली, ऊन-सावली अशी अंगावरून पळू लागली आणि देवश्रीचे डोळे जड झाले. तिला वाटलं, बस रस्त्यावरून नव्हे, कोणीतरी हळूहळू उलगडलेल्या हिरव्या थानावरून चालली आहे, आणि ते थान संपतच नाही. पलीकडच्या टोकाला कोणी बसलंय का, हे पाहायला ती वाकली, तर आबांनी हलवलं. अंबिकापूर आलं होतं.

तिथून जीपने घाट चढताना वळवाची सर आली. टपावर गारा वाजल्या. सर थांबली तेव्हा खालची दरी दिसेनाशी झाली होती. ढग रस्त्यावर उतरले होते, अगदी जीपच्या चाकांपर्यंत. देवश्रीने खिडकीतून हात बाहेर काढला. हात ओला झाला, पण हाताला लागलं काहीच नाही. आबा शर्टाची बाही खाली ओढत होते. आता स्वेटरला कोणी हसत नव्हतं.

तीन नंबर कॅम्पपाशी जीपवाला म्हणाला, "चाय पीने तक रुकता हूँ, बाबूजी. इसके बाद नीचे की गाड़ी कल सुबह."

धुक्यात दोऱ्यांवर रंगीत पताका फडफडत होत्या. पताका दिसत, दोऱ्या दिसत नसत. हिरवं दार सापडलं. देवश्रीने कडी वाजवली.

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. चेहऱ्यावर सुरकुत्या, दोन वेण्या, गळ्यात माळ.

"यांगचेनदीदी?" देवश्रीने विचारलं.

बाई तिच्या भाषेत काही बोलली. मग खाली जाणाऱ्या रस्त्याकडे हात करून म्हणाली, "अंबिकापूर." हाताने झोपण्याची खूण करून तिने एक बोट वर केलं. एक रात्र. दीदी उद्या येणार होती.

आबांनी हिंदीतून सांगून पाहिलं, रायपूर, स्वेटर, दुकान. बाई नुसती पाहत राहिली. लांबून जीपचा हॉर्न वाजला.

"चल पोट्टी," आबा हळूच म्हणाले. रागावून नव्हे. "झालं आपलं पाहून."

देवश्रीचे पाय हलले नाहीत. तिला कोणती भाषा बोलावी ते कळेना. मग तिने पाठीला बाक न देता छाती पुढे काढली, शाळेत बिल्ला दाखवतात तशी.

बाईची नजर खाली आली आणि तिसऱ्या बटणावर थांबली. तिने वाकून त्या फुलावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग ती आवाज न करता हसली. पुढचे दोन दात नव्हते. तिने आबांच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि आत घेऊन गेलीसुद्धा.

आबा रिकाम्या खांद्याने उभे राहिले. जीपने पुन्हा हॉर्न दिला.

"जाओ भैया," ते धुक्याकडे तोंड करून ओरडले. "हम घर पहुँच गए."

आत चूल पेटली होती. बाईने लोणी घातलेला खारट चहा दिला. आबांनी पहिल्या घोटाला डोळे मोठे केले, पण कप खाली ठेवला नाही.

"देवश्री," ते म्हणाले, "मी ज्यांले ज्यांले बोलावलं होतं ना..." आणि पुढे चहाच पीत राहिले.

दाराच्या फटीतून गार वारा आला. बाईने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. देवश्रीचा कप तोंडापाशीच थांबला. तोच तपकिरी कोट. म्हणजे कोट या आजीचा होता, थंडीत तिच्या मुलीने, यांगचेनदीदीने, घालून नेलेला. लाकडी फुलांची बटणं खालपासून वरपर्यंत ओळीने होती, फक्त तिसऱ्या जागी एक सेफ्टी पिन.

देवश्रीने कप खाली ठेवला. मान वाकवून तिने बटणाचा दोरा दातांत धरला. दोरा पक्का होता, तिसऱ्या खेपेला तुटला. ते बटण तिने आजीच्या तळहातावर ठेवलं, आणि सेफ्टी पिन लावून घ्यायला आपला स्वेटर पुढे धरला.