चाकावरचा लाल रुमाल

एकोणीसशे एकसष्ट साली माझे काका कालव्याच्या दारावर नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी दार बंद असायचं, तेव्हा आम्ही डबा घेऊन कोरड्या कालव्यात जायचो. खाली माणसं आहेत हे कळावं म्हणून काका दाराच्या चाकाला लाल रुमाल बांधत.

त्या दिवशी जेवून काका वाळूत आडवे झाले.

"अहो, तोंडावर ऊन येतंय."

"येऊ दे. आणखी काळा होऊन होऊन किती होणार मी?"

काकू हसली. ते घोरायला लागल्यावर तिने वर जाऊन रुमाल सोडून आणला आणि हळूच त्यांच्या तोंडावर पसरला. मग आम्ही दोघी काठावर बोरं वेचायला गेलो.

तेवढ्यात शेतांना पाणी सोडायचा निरोप आला. बदली कामगाराने चाक मोकळं पाहिलं आणि दार उघडलं. काकू ओरडत धावली, पण काका उठून बसेपर्यंत पाणी त्यांच्यावर आलं होतं.

बदली कामगार नोकरी सोडून गाव सोडून गेला. काकूने त्याला कधी बोल लावला नाही. ती म्हातारी होऊन गेली, पण कडाक्याच्या थंडीतही तोंडावर पांघरूण घेत नसे. मी आता सत्तरी ओलांडली आहे. झोपलेल्या माणसावर ऊन आलं, तर मी त्याला उठवते.