हिरवा जनरेटर

शहराच्या संकट-आराखड्याची एक खोड होती. त्यातला एकही चौकोन लाल राहिला, तर आराखडा संगणकातून वर जातच नसे. म्हणून आपत्ती समिती सगळे चौकोन हिरवे करून घेई. खरं-खोटं नंतर बघता येतं. मुदत नंतर बघता येत नाही.

पाण्याच्या पंपिंग स्टेशनसमोर लिहिलं होतं: जनरेटर आहे, चालू आहे. खोटं नव्हतंच ते. चाकांवरचा जनरेटर होता, फक्त तो समितीच्या नव्या इमारतीत पाहुणा गेला होता, सभागृह गार ठेवायला, ‘तात्पुरता’. स्टेशनची अभियंता दरवर्षी चौकोन लाल करून पाठवी. समितीचे सचिव दरवर्षी तिला समजावत, की लाल बघून वरचे लोक उगाच घाबरतात, आणि स्वतःच्या हाताने हिरवा करून टाकत.

एका दुपारी वादळाने विजेचा मनोरा आडवा केला. शहराला वीज निम्मीच उरली. आराखड्याचा नियम स्पष्ट होता: ज्यांच्याकडे जनरेटर आहे, त्यांची वीज आधी तोडा. वीज नियंत्रण कक्षाने हिरवं बघितलं आणि पंपिंग स्टेशन तोडलं.

पाठोपाठ अभियंतेच्या भावाचा फोन आला. तो वडिलांना डायलिसिसला घेऊन गेला होता. हॉस्पिटलात दिवे होते, पण त्या मशीनला पाणी लागतं आणि टाकी तळाला चालली होती.

“ताई, बाबांना आत्ताच मशीन लावलंय. पाणी सोड ना, तुझंच तर स्टेशन आहे.”

तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला.

“मॅडम, तुमचा जनरेटर चालू दिसतोय.”

“मी अंधारात उभी आहे हो.”

“इथे हिरवं आहे, मॅडम. समितीने बदललं की लगेच लाइन देतो.”

माणूस उद्धट नव्हता. उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

समितीची बैठक चालू होती. आराखडा किती सुरळीत राबवला जातोय, याचं कौतुक चाललं होतं. सचिवांनी फोनवर हळू आवाजात सांगितलं, की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. आज लाल केलं तर इतकी वर्षं हिरवं कसं होतं, असं कुणीतरी विचारेल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने शांतपणे विचारलं, जनरेटर नीट चालतोय ना? झकास चालतोय, इथे मस्त गार आहे, असं ते म्हणाले.

तिने फिटरला स्टेशनच्या रिकाम्या टँकरमध्ये बसवलं आणि समितीची इमारत गाठली. रखवालदाराने परवानगीचा कागद मागितला.

“दादा, हा जनरेटर पंपिंग स्टेशनवर आहे. आराखड्यात बघा,” ती म्हणाली. “जो इथे नाहीच, तो न्यायला परवानगी कुणाची घेऊ?”

रखवालदार विचारात पडला. तेवढ्यात फिटरने केबल सोडवली. वर सभागृहात अध्यक्ष ‘पूर्वतयारी’ या शब्दाच्या मध्यावर असताना अंधार झाला. टँकर जनरेटर ओढत निघाला.

पंप सुरू झाले, पण उशिराच. वडिलांना मशीनवरून अर्ध्यात काढावं लागलं होतं. रात्रभर धाप लागली. भावाने त्यांना आपल्या पाठीला टेकवून बसवून ठेवलं. सकाळी उरलेलं डायलिसिस झालं आणि जीव वाचला.

दुपारी सचिव अहवाल घेऊन हॉस्पिटलातच आले. त्यात लिहिलं होतं: आपत्तीच्या वेळी जनरेटर आराखड्यात दाखवलेल्या जागीच आढळला. माहिती अचूक ठरली. खाली तिची सही हवी होती.

“निभावलं ना शेवटी सगळं?” ते हसत म्हणाले.

तिने त्यांचा दंड धरला, आत नेलं आणि वडिलांच्या खाटेशी उभं केलं.

“वाचा. यांना पटलं तर सही करते.”

सचिवांनी खाली मान घालून पुटपुटत सुरुवात केली. वडिलांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

“जरा मोठ्याने वाचा, साहेब,” ते म्हणाले. “पलीकडच्या खाटांनाही ऐकू दे. त्यांचीही मशीनं बंद पडली होती.”